जन्मस्थान बडोदा नसलेले सयाजीराव : ग्राफ डेटाबेसमधून काढलेल्या याद्यांची चिकित्सा

बडोद्याच्या मराठी माणसांची यादी करण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक घ्या, एखाद्या संस्थेची स्मरणिका घ्या, शेवटची चार-सहा पानं नावांची असणारच. त्या याद्यांवरून भांडणंही व्हायची. अमक्याचं नाव का नाही, तमक्याचं का घातलं. पण भांडता यायचं, कारण यादी कोणी केली हे माहीत असायचं. संपादकांना गाठून विचारता यायचं.

आता यादी प्रोग्राम करतो. मंडळाच्या नामसूचीसाठी एका तरुण सभासदानं असा प्रोग्राम लिहिला आहे. तो विकिडेटाच्या सर्व्हरला प्रश्न पाठवतो, आलेल्या उत्तरातून नावं गाळून घेतो आणि ‘बडोद्याची मराठी माणसं’ या मथळ्याखाली जन्मसालाप्रमाणे मांडून देतो. काम नेटकं आहे, कष्ट खरे आहेत. त्या कोडामागच्या विचाराची चिकित्सा करणं हा या लेखाचा हेतू आहे. कारण इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद इथली मंडळंही अशाच याद्यांच्या मागे आहेत, आणि त्यांनाही हीच अडचण येणार.

माझं म्हणणं थोडक्यात असं. क्वेरी बिनचूक चालते, पण तिनं विचारलेला प्रश्न आपल्यासारख्या बाहेरून येऊन वसलेल्या समाजाला लागू पडत नाही. आणि ग्राफ डेटाबेसची खोड अशी, की प्रश्न चुकला तरी तो भरगच्च, सुबक उत्तर देतो. त्या उत्तरात कोण नाही, हे तो सांगत नाही.

जाळं आणि चाळण

ज्यांचा संगणकाशी फार संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं स्पष्टीकरण. विकिडेटा हा २०१२ साली सुरू झालेला खुला माहितीसाठा आहे. त्यात माहिती तक्त्यात नसते, जाळ्यात असते. प्रत्येक माणूस, गाव, संस्था ही एक गाठ. दोन गाठींमधलं नातं हा दोरा. सयाजीराव तिसरे ही एक गाठ, कवळाणे हे गाव दुसरी, आणि मधला दोरा ‘जन्मस्थान’. दोऱ्यांना क्रमांक आहेत : जन्मस्थान पी१९, मृत्यूस्थान पी२०, शिक्षण पी६९, नोकरी देणारी संस्था पी१०८, भूषवलेलं पद पी३९, कामाचं ठिकाण पी९३७. या जाळ्याला प्रश्न विचारायची भाषा म्हणजे स्पार्कल. २०१५ पासून ही प्रश्नसेवा सर्वांना खुली आहे.

जाळ्याचा फायदा मोठा आहे. एका गाठीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर जाता येतं. बडोदा कॉलेजात शिकवणारे, त्यांचे विद्यार्थी, त्या विद्यार्थ्यांची पुस्तकं, असा माग एका प्रश्नात काढता येतो. जुन्या दप्तरात हे करायचं तर एकेक रुमाल सोडून बघावा लागतो.

तोटाही त्याच रचनेतून येतो. चोपडीत एखादी गोष्ट भरायची राहिली तर रकाना रिकामा दिसतो, डोळ्यांना खुपतो. जाळ्यात नसलेला दोरा दिसतच नाही. रिकामी जागा नावाची वस्तूच तिथे नाही. त्यामुळे ‘माहीत नाही’ आणि ‘तसं नाही’ यांतला फरक उत्तरात उरत नाही. इतिहासाच्या माणसाला तर हाच फरक सगळ्यात महत्त्वाचा.

आता प्रोग्राममधला प्रश्न साध्या मराठीत मांडतो. माणूस या वर्गातली प्रत्येक गाठ घे. तिचं जन्मस्थान बडोदा हवं. तिची भाषा मराठी हवी. तिचा जन्म संस्थान विलीन होण्यापूर्वीचा, म्हणजे १ मे १९४९ च्या आधीचा हवा. तिचं नाव मराठीत नोंदलेलं हवं. मृत्यूची तारीख असली तर दे, नसली तर ‘हयात’ लिही. पहिल्या शंभर ओळी दे.

वाचताना काहीच खटकत नाही. एकेक अट तपासू या.

पहिली अट : जन्मस्थान

सयाजीराव महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ चा, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा. निधन ६ फेब्रुवारी १९३९ ला, मुंबईत. म्हणजे जन्मस्थान बडोदा ही अट घातली तर ज्यांच्या नावानं विद्यापीठ आहे, बाग आहे, तेच यादीत येत नाहीत. मृत्यूस्थान बडोदा अशी अट घातली तरी येत नाहीत.

हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. गोविंद सखाराम सरदेसाई घ्या. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला, शेवटचा काळ कामशेतला. मधली सुमारे तीन तपं बडोद्याच्या नोकरीत गेली आणि रियासतीचं काम इथेच सुरू झालं. अट त्यांना गाळते. विजय हजारे सांगलीचे. निधन २००४ साली बडोद्यात. जन्माची अट त्यांना गाळते, मृत्यूची अट घेते. दत्ताजीराव गायकवाड जन्मानं बडोद्याचे आणि निधनही इथलंच, म्हणून ते दोन्हीकडून पास होतात.

इथे एक रीत दिसते. बडोद्याचा मराठी समाज मुळात आलेल्या माणसांचा समाज आहे. सरदारांबरोबर आलेले, दरबारच्या नोकरीसाठी आलेले, शिष्यवृत्तीवर आलेले, लग्न होऊन आलेल्या. पहिल्या पिढीचं जन्मस्थान कोकणात, देशावर, खानदेशात. पुढच्या पिढ्यांतले पुष्कळजण जन्मले इथे आणि गेले मुंबई-पुण्याला. जन्मस्थानाची चाळण लावली की नेमकी ज्यांनी इथे येऊन काम उभं केलं ती पिढी खाली पडते आणि जे फक्त इथल्या इस्पितळात जन्मले ते वर राहतात. इंदूरच्या मंडळानं हीच क्वेरी चालवली तर अहिल्याबाईंचं काय होईल? जन्म चौंडीचा, निधन महेश्वरचं. इंदूर दोन्हीकडे नाही.

पुणे-साताऱ्याच्या बाबतीत हीच अट बऱ्यापैकी चालते, कारण तिथे माणूस आणि गाव यांचं नातं बहुधा जन्माचं असतं. आपलं नातं कामाचं आहे. तयार मिळालेली क्वेरी गावाचं नाव बदलून वापरली की दुसऱ्या गावाची ‘आपला माणूस’ ही कल्पना नकळत आपल्या यादीत येऊन बसते.

दुसरी अट : मराठी

मराठी माणूस ओळखायचा कसा, यावर मंडळात दोन-दोन तास चर्चा झाल्या आहेत. प्रोग्रामनं ती एका ओळीत मिटवली : ‘भाषा मराठी’ असा दोरा असेल तर मराठी. हा दोरा कोणीतरी हातानं भरलेला असावा लागतो. जो घरात मराठी बोलायचा, ज्याची पत्रं मोडीत आहेत, पण ज्याच्या गाठीला हा दोरा कोणी लावलाच नाही, तो गळतो. आणि लेखक मंडळींना भाषेचा दोरा लावण्याकडे लोकांचा ओढा असतो, तेवढा ओव्हरसियर, वैद्य, पखवाजी यांच्या बाबतीत नसतो.

त्यात भर म्हणून चौथी अट : नाव मराठीत नोंदलेलं हवं. ही अट वेगळाच घोटाळा करते. मराठीत नाव असणं म्हणजे मराठी असणं नव्हे. नेपोलियनचंही नाव तिथे मराठीत आहे. उलट एखाद्या बडोदेकर शिक्षणतज्ज्ञाचं नाव फक्त इंग्रजीत आणि गुजरातीत नोंदलेलं असेल, तर तो मराठी असूनही बाहेर. खरं तर नाव कोणत्या लिपीत दाखवायचं हा मांडणीचा प्रश्न आहे. तो चाळणीत घालायला नको होता. मराठी नाव नसेल तर गुजराती दाखवा, तेही नसेल तर इंग्रजी. क्वेरी सेवेत अशी उतरंड लावायची सोय आहे.

अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात होते. जन्मानं बंगाली. ते आपल्या यादीत हवेत की नकोत यावर मत वेगळं असू शकतं. माझं म्हणणं एवढंच की तो निर्णय आपण घेतला असं दिसलं पाहिजे.

रिकाम्या जागा

आता सगळ्यात फसवा भाग. मृत्यूची तारीख ‘असली तर दे’ असं म्हणायची सोय स्पार्कलमध्ये आहे. तिला ऑप्शनल म्हणतात. तारीख नसली तरी माणूस यादीत राहतो, फक्त तो रकाना मोकळा येतो. इथपर्यंत ठीक.

पण प्रोग्रामच्या दुसऱ्या एका यादीत, ‘१९०० नंतर वारलेले’ या यादीत, ऑप्शनलच्या खाली फिल्टर लावला आहे : मृत्यूचं साल १९०० पेक्षा मोठं हवं. ज्याची तारीखच नाही त्याची तुलना होऊ शकत नाही. तुलना झाली नाही की फिल्टर त्याला नापास धरतो आणि ओळ काढून टाकतो. म्हणजे ऑप्शनलनं आत घेतलेला माणूस फिल्टरनं मागच्या दारानं बाहेर काढला. कुठेही चूक दाखवली जात नाही, यादी नुसती आखूड होते. दुसरे ग्राफ डेटाबेस वापरणाऱ्यांनीही हुरळून जाऊ नये. निओफोरजेच्या सायफर भाषेतही नसलेल्या किमतीशी केलेली तुलना खरी ठरत नाही आणि ओळ तशीच गळते.

पहिल्या यादीत याच्या उलट झालं. तारीख नसली तर ‘हयात’. त्यामुळे १८७० च्या आसपास जन्मलेला एखादा कारभारी, ज्याच्या निधनाची तारीख कोणी नोंदली नाही, तो यादीप्रमाणे अजून हयात. दीडशे वर्षांचा. हे हसण्यावारी नेता येईल. पण १९३० साली जन्मलेल्या एखाद्या बाईंच्या पुढे ‘हयात’ छापलं आणि त्यांच्या मुलानं ते वाचलं, तर ते हसण्यासारखं राहत नाही. तारीख नसेल तर ‘निधनाची नोंद नाही’ असं लिहावं. खरं तेवढंच आहे.

तारखांची आणखी एक गंमत. ज्यांचं फक्त जन्मसाल माहीत आहे त्यांची नोंद साठ्याच्या आत १ जानेवारी या तारखेनं ठेवलेली असते, आणि ‘ही फक्त सालापुरती खरी’ अशी खूण वेगळ्या ठिकाणी असते. प्रोग्राम ती खूण वाचत नाही. मग त्याच्या जोरावर दिनविशेष काढला तर १ जानेवारीला निम्मं संस्थान जन्माला आलेलं दिसतं. ज्यांच्या जन्माची फक्त तिथी आणि शके घरच्या टिपणात आहे, अशा लोकांच्या बाबतीत ही बनावट अचूकता जास्तच घातक. ती एकदा छापली गेली की पुढचा माणूस तिलाच पुरावा मानतो.

ओळी म्हणजे माणसं नव्हेत

‘पहिल्या शंभर ओळी’ यातही गोम आहे. एखादी व्यक्ती लेखक आणि शिक्षक दोन्ही असेल, आणि तिनं बडोद्यात व मुंबईत दोन ठिकाणी काम केलं असेल, तर प्रश्नात या दोन्ही गोष्टी मागितल्यावर ती चार ओळींत येते. दोन गुणिले दोन. शंभर ओळींची मर्यादा माणसांवर पडत नाही, ओळींवर पडते. बहुगुणी माणसं जागा अडवतात, एका दोऱ्याची साधी माणसं मर्यादेपलीकडे राहतात. शिवाय क्रम ठरवून न देता मर्यादा घातली तर कोणत्या शंभर ओळी येतील याची हमी नाही. प्रोग्राम जन्मसालाप्रमाणे लावतो खरा, पण ओळी हातात आल्यानंतर. तेव्हा यादी आधीच कापलेली असते. एका माणसाची एकच ओळ करून, क्रम क्वेरीतच लावून, मग मर्यादा घालायला हवी होती.

शहर, संस्थान आणि काळ

एक गोष्ट प्रोग्रामनं चांगली केली आहे. तो बडोद्याला नावानं हाक मारत नाही, गाठीच्या क्रमांकानं मारतो. बडोदा, बडोदे, वडोदरा, बरोडा, सगळी नावं एकाच गाठीला जातात. नावानं शोधलं असतं तर निम्मी माहिती लिपीतच अडकली असती.

पण गाठ शहराची आहे. बडोदा संस्थान ही जाळ्यातली वेगळी गाठ. संस्थान म्हणजे बडोदे, कडी, नवसारी, अमरेली हे प्रांत आणि ओखामंडळ, मध्ये दुसऱ्यांचे मुलूख. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली सुरू झाला तो अमरेलीत. तिथे नेमलेला मराठी अधिकारी बडोदा सरकारचाच माणूस. पण आजच्या जाळ्यात अमरेलीपासून ‘हे कोणत्या प्रशासकीय विभागात आहे’ या दोऱ्यानं वर चढत गेलं तर आपण गुजरात राज्यात पोचतो, बडोद्यात नाही. आजचा नकाशा घेऊन कालची माणसं शोधली की असं होतं. दोऱ्याला ‘केव्हापासून केव्हापर्यंत’ अशी जोडचिठ्ठी लावायची सोय विकिडेटात आहे. पण प्रोग्राम जो सोपा, आखूड रस्ता वापरतो तो जोडचिठ्ठ्या वाचत नाही. एवढंच नाही, एका गोष्टीबद्दल दोन मतं नोंदलेली असतील आणि त्यातल्या एकाला कोणी ‘पसंतीचं’ ठरवलं असेल, तर हा रस्ता दुसरं मत दाखवतच नाही. दोन बखरी दोन गावं सांगतात हे आपल्यासाठी महत्त्वाचं असतं. इथे एक बखर गुपचूप बाजूला ठेवली जाते.

ज्याला दोराच नाही

इथवरचे दोष कोड सुधारून जातील. एक दोष मात्र तसा जाणार नाही.

डॉ. आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले आणि १९१७ साली नोकरीसाठी इथे आले. राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं गेलं आणि थोड्याच दिवसांत त्यांना शहर सोडावं लागलं. जन्म महूचा, निधन दिल्लीचं, शिक्षण इथलं नव्हे, नोकरी अल्पकाळाची. जन्म, मृत्यू, शिक्षण, नोकरी या ठरलेल्या दोऱ्यांनी मोजलं तर बडोद्याशी त्यांचं नातं नगण्य ठरतं. प्रत्यक्षात या शहराच्या विसाव्या शतकातल्या सामाजिक इतिहासात त्यापेक्षा मोठी घटना क्वचितच सापडेल. ‘जागा नाकारली’ हे नातं माणूस आणि शहर यांच्यात नोंदवण्याची सवय जाळ्याला नाही. जे नातं अभिमानाचं, त्याला दोरा आहे. जे नातं शरमेचं, त्याला तो आपण हातानं लावायचा आहे. नामसूचीत हे नाव नसणं मला मान्य नाही, आणि ते असण्याचं कारणही सोबत लिहिलेलं हवं.

मग यादी करायची कशी

कोणी म्हणेल, ही नुसती सुरुवात आहे, पुढे भर घालू. पण यादीचा स्वभाव असा की ती नक्कल होते. शाळेच्या पुस्तिकेत जाते, फलकावर जाते. नक्कल होताना अटी गळून पडतात आणि नावं उरतात. १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवून घेतली, वर्गीकरणाची पद्धत आखून घेतली. पुस्तकं रचण्याआधी ती कशी रचायची हे ठरवण्याचा हा धडा याच शहरातला आहे.

माझ्या सूचना पाच आहेत.

एक : एका दोऱ्याऐवजी अनेक दोरे विचारावेत. जन्म, मृत्यू, काम, शिक्षण, नोकरी, पद, शहराशी किंवा संस्थानाशी, यांतलं कोणतंही नातं चालेल. आणि प्रत्येक नावापुढे ‘कशामुळे यादीत’ हा रकाना असावा.

दोन : चाळण सर्व्हरवर न लावता शक्य तेवढी आपल्या कोडात लावावी, म्हणजे गळलेली नावं हातात राहतात. सगळं एका प्रश्नात मागितलं तर तिथली साठ सेकंदांची मर्यादा आडवी येईल. म्हणून आधी फक्त क्रमांक गोळा करावेत, मग पन्नास-पन्नासच्या गटांनी तपशील मागवावा. गळलेल्यांची दुसरी यादी कारणासह जपून ठेवावी. पहिलीपेक्षा तीच आपल्या जास्त उपयोगाची.

तीन : साक्षीदार नावं ठेवावीत. जुन्या सभासदांनी वीस-पंचवीस नावं द्यावीत, जी यादीत असलीच पाहिजेत. क्वेरीत बदल झाला की आधी ती आली का बघावं. सयाजीराव न येणारी क्वेरी तिथल्या तिथे पकडली गेली असती.

चार : यादीखाली क्वेरी कोणत्या अटींनी, कोणत्या तारखेला चालवली ते साध्या मराठीत छापावं. पूर्वी संपादकांचं नाव असायचं, त्या जागी हे.

पाच : जाळ्यात दोरे आपणच घालावेत, आधारासह. संस्थानच्या छापील अहवालांत, नोकरांच्या याद्यांत, शाळांच्या दाखल्यांत हजारो नावं पडून आहेत. विशेषतः बायकांची. मुलींच्या शाळांतल्या शिक्षिका, सुइणी, गाणाऱ्या. त्यांना आज एकही दोरा नाही, म्हणून कितीही हुशार क्वेरी लिहिली तरी त्या येणार नाहीत.

हे पाचवं काम कोड लिहिणाऱ्याचं नाही, आपलं आहे. ज्यांच्याकडे अशा नोंदी असतील त्यांनी नाव, बडोद्याशी असलेलं नातं, काळ आणि कागद कुठे आहे, एवढ्या चार गोष्टी लिहून मंडळाकडे द्याव्यात. तोवर प्रोग्रामनं काढलेल्या यादीचा मथळा ‘बडोद्याची मराठी माणसं’ असा ठेवू नये. ‘विकिडेटात जन्मस्थान बडोदा आणि भाषा मराठी अशी नोंद असलेल्या व्यक्ती’ असा ठेवावा. मथळा लांबतो, पण खरा आहे.